दोरीपलीकडचा अंबादास

विसर्जनाच्या दिवशी बुडवलेला गणपती ज्याचा त्याला परत आणून देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गांधीसागर तलावाच्या पायऱ्यांवर पाहिला. महाल वस्तीतले एक वकील होते, सोबत बायको-मुलं. आरती झाली, 'पुढच्या वर्षी लवकर या' झालं, मूर्ती पाण्यात सोडली आणि मंडळी जड मनानं वळली. तेवढ्यात मागून रुंद खांद्यांचा एक सावळा पोरगा पाण्यातून वर आला. छातीशी तोच गणपती, सोंडेचा रंग त्याच्या पोटावर ओघळलेला. वकिलांसमोर मूर्ती धरून तो म्हणाला, "पडला होता."

वकिलांनी पुन्हा सोडली. त्यानं पुन्हा काढली.

"अबे, पडला नाही, आम्ही टाकला!"

"कायले टाकला?"

लोक हसायला लागले. वकिलांची धाकटी मुलगी मात्र गणपती परत आला म्हणून टाळ्या पिटत होती. शेवटी गर्दीतून एक वाळकी बाई पुढं आली, पोराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि वकिलांना म्हणाली, "समजत नाई जी त्याले. रागावू नका."

ती अंबादासची माय. पाचपावलीत विणकरांच्या घरी कांड्या भरायची. मागाला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायचं, आणि त्यावर घर चालवायचं. नवरा नव्हता. मोठा मुलगा किसना इतवारीत धान्याच्या दुकानात हमालीला. आणि धाकटा हा. त्या काळी आमच्याकडं 'मतिमंद' हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. अर्धवट म्हणायचे. माय मात्र म्हणायची, "माहा अंबादास सावकाश हाय."

त्या दिवशी घाटावर आमच्या पोहण्याच्या क्लबचे ढोमणे मास्तरही उभे होते. वकिलांनी मूर्ती चांगली खोल पाण्यात, नावेतल्या माणसाकडून सोडवली होती. मास्तरांनी हिशोब केला तो पोरगा किती आत जाऊन किती लवकर परत आला याचा. त्यांनी मायला विचारलं, "याला पोहायला कोणी शिकवलं?"

"कोनी नाई जी. लहानपनी पडला होता."

असा अंबादास आमच्या टँकवर आला. त्याच्याबद्दल मी आजवर कोणाशी बोललो नाही. बायकोशी तर नाहीच. का, ते पुढं येईल.

त्याला पूर्ण नावानं हाक मारावी लागे. 'अंबू', 'अंब्या', 'पहिलवान' असं कितीही ओरडा, तो ढिम्म. "अंबादास" म्हटलं की लगेच, "काय गा?" पाण्याला तो नमस्कार करी. टँकमध्ये उतरण्याआधी सगळेच करतात, पण हा कोणत्याही पाण्याला करी. नळाला करी, म्हशीच्या हौदाला करी. एकदा आम्ही अमरावतीला शर्यतीसाठी निघालो होतो. पुलगावजवळ गाडी वर्धा नदीच्या पुलावर आली, तर हा बाकावर उभा राहून हात जोडून, खिडकीशी डोकं लावून, "थांबवा न गाडी, थांबवा न," म्हणून सगळ्या डब्याला विनवत राहिला. पूल संपल्यावरही तो खिडकीतून मागं वळून पाहत राहिला.

सराव झाला की मास्तर आम्हाला तर्री-पोहे खाऊ घालत. अंबादास आपल्या पोह्यांतले तर्रीतले चणे आधी वेचून खाई, मग अर्धे पोहे कागदात गुंडाळून चड्डीच्या खिशात कोंबी. मायसाठी. घरी जाईपर्यंत त्या तर्रीनं चड्डीवर लाल नकाशा उमटलेला असे. आणि निघताना रोज तोच प्रश्न, "उद्या हाय न?"

"आहे, अंबादास."

"पक्का?"

"पक्का."

हे ऐकल्याशिवाय तो फाटकाबाहेर पाय टाकत नसे. सुटीच्या आदल्या दिवशी 'उद्या नाही' म्हणून सांगायचं काम कोणीच करायला धजत नसे. मग ते माझ्याकडं येई.

त्याच्या पोहण्यात एकच अडचण होती. त्याला थांबता येत नसे. मोजता येत नव्हतं, म्हणून शर्यत कुठं संपते हे त्याला कळत नसे. पहिल्या जिल्हा शर्यतीत तो सगळ्यांच्या आधी भिंतीला लागला, वळला आणि पुन्हा निघाला. बाकीचे बाहेर येऊन अंग पुसत होते, बक्षिसं वाटायची तयारी झाली, तरी हा एकटा पाण्यात हात मारत होता. लोक पोट धरून हसत होते. शेवटी टँकवाल्यानं बांबू आडवा घातला. अंबादासनं बांबूखालून बुडी मारली.

मास्तरांनी त्यावर युक्ती काढली. ती युक्ती म्हणजे मी. शहरात अंबादासच्या वेगाच्या जवळपास पोहणारा मी एकटाच होतो. अर्धा हात मागं असे, पण असे. मास्तरांनी आम्हाला शेजारच्या पट्ट्यांमध्ये घातलं, मधे फक्त दोरी. त्याला शिकवलं की प्रत्येक वेळी भिंतीला हात लागला की दोरीपलीकडं बघायचं. मनोहरभाऊ वळला की वळायचं. मनोहरभाऊ भिंत धरून थांबला की थांबायचं. हे पक्कं व्हायला एक अख्खा उन्हाळा गेला. त्यात अंबादासनं आपली एक भर घातली. भिंतीला हात लागला, तोंड वर आलं की तो विचारी, "झालं?" आणि मी श्वास घेता घेता म्हणायचो, "नाही." मग तो निघायचा.

हे आमचं बोलणं सगळ्या टँकला ऐकू जाई. पोट्टे चिडवायचे, "काय बे मनोहर, तुह्यी शेपटी आली नाही आज?" मी हसून सोडून द्यायचो. पण खरं सांगायचं तर शेपटी मी होतो. हजार वेळा त्याच्या मागोमाग भिंतीशी पोचायचो आणि हजार वेळा तो मला विचारायचा. जो पुढं तो मागच्याला विचारतो, असं दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

त्यानं कप खूप जिंकले. माय त्यांचा उपयोग करी. एकात मीठ, एकात हळद, मोठ्या दोन कानांच्या कपात भरलेल्या कांड्या. मी एकदा म्हटलं, "काकू, हे मांडून ठेवायचे असतात."

"मांडून काय करू, बाबू? ह्याच्यानं चूल पेटते का?" मग जरा थांबून म्हणाली, "मी हाय तोवर ठीक हाय. माह्यामागं याले कोन खाऊ घालीन, सांग."

ती हे सगळ्यांना विचारायची. दुधवाल्याला, मास्तरांना, देवळातल्या पुजाऱ्याला. तिच्या डोक्यात दुसरा प्रश्नच नव्हता.

त्याचं उत्तर एकदा चालत आलं. एका सरकारी कारखान्याला खेळाडूंच्या कोट्यातून जलतरणाची एक जागा भरायची होती. बांगलादेशच्या लढाईच्या आधीचा उन्हाळा होता. लांब पल्ल्याच्या शर्यतीत जो पहिला येईल त्याची निवड. मास्तरांनी कारखान्याच्या क्रीडा अधिकाऱ्याला टँकवर आणलं, अंबादासचं पोहणं दाखवलं आणि बाकीचंही काही लपवलं नाही. साहेब मोकळा माणूस होता. म्हणाला, "शिकलेला असेल तर कारकून करू, नसेल तर खलाशी करू, वरकामाला. पाण्याच्या टाक्या धुता येतील ना त्याला? पहिला आला की झालं." माय साहेबाच्या पाया पडायला वाकली. त्यानं तिला वरच्या वर धरलं.

मग मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मनोहर, तुझं नावही घालतो. तू शेजारी नसलास तर तो थांबायचा नाही, आणि न थांबणाऱ्याला कारखान्यात कोण ठेवील? तू बी. ए. आहेस, तुला कुठंही लागेल. त्याला दुसरी जागा नाही."

"हो मास्तर," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

पण मला कुठंही लागत नव्हतं. दोन वर्षं अर्ज टाकत होतो. माझं लग्न ठरत आलं होतं, आणि मुलीचे वडील रामदासपेठेतल्या त्यांच्या बैठकीत बसून मला दर वेळी एकच विचारायचे, "मग, काही हालचाल?" एवढंच सांगतो. याहून जास्त सांगितलं तर ती सबब होईल.

शर्यतीच्या दिवशी ऊन चढायच्या आत सगळे जमले. मायनं अंबादासला न्हाऊ-माखू घातलं होतं, कपाळाला कुंकू लावलं होतं. ते पाण्यात उतरताच गेलं. ती पायऱ्यांवर फडक्यात भाकरी बांधून बसली होती. साहेब खुर्चीवर, मास्तर पलीकडच्या टोकाला. इकडच्या टोकाला एक वेळ टिपणारा, आणि तो घड्याळात डोळे घालून.

शर्यत सुरू झाली. थोड्याच वेळात बाकीचे मागं पडले, आम्ही दोघं उरलो. नेहमीसारखं. भिंत, "झालं?", "नाही." भिंत, "झालं?", "नाही." मी त्या दिवशी चांगला पोहत होतो. इतका चांगला मी कधी पोहलो नव्हतो. तरी तो अर्धा हात पुढंच होता, आणि मला कळत होतं की जीव काढला तरी तो अर्धा हात मिटायचा नाही.

थोडं अंतर उरलं असताना आम्ही इकडच्या भिंतीशी आलो. त्याचा हात लागला. मग माझा. त्यानं दोरीवरून माझ्याकडं पाहिलं.

"झालं?"

मी भिंत धरली. केसांतलं पाणी मागं सारलं, सराव संपल्यावर सारायचो तसं. आणि म्हणालो, "हो."

तो हसला. मोठ्या समाधानानं हसला. दोन्ही हातांनी काठ धरून वर चढला. मी वळून निघालो.

मी मागं पाहिलं नाही. पाण्यात फार ऐकू येत नाही, तरी आरडाओरडा ऐकू आला. मास्तर काठानं धावत होते, "अंबादास! उतर! उतर खाली!" अंबादास मायकडं चालला होता, अंग पुसून घ्यायला. मास्तरांनी त्याला ओढत आणून पाण्यात ढकललं, पण साहेबांनी हात वर केला. बाहेर आला तो बाद.

मी पहिला आलो.

बाहेर येताच मी पोटरी धरून बसलो. म्हणालो गोळा आला होता, म्हणून क्षणभर थांबलो, त्याला वाटलं असेल संपलं. दोघं-तिघं माझी पोटरी चोळायला बसले. पोटरीला काही झालं नव्हतं. लोण्यासारखी मऊ होती. चोळणाऱ्यांनाही ते कळलं असेल, पण ते चोळत राहिले.

"मनोहरभाऊनं सांगतलं झालं म्हून," अंबादास सगळ्यांना सांगत होता. मास्तरांना सांगितलं, वेळ टिपणाऱ्याला सांगितलं, साहेबांच्या खुर्चीसमोर उभं राहून सांगितलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. काय झालं ते तो सांगत होता.

मास्तरांनी त्याच्या थोबाडीत मारली. त्यांनी कोणावर हात उचललेला मी पहिल्यांदाच पाहिला. "चूप! आपली चूक दुसऱ्यावर ढकलतो? त्याच्या पायात गोळा आला अन् तू..." रडत होते ते.

अंबादासनं गालावर हात ठेवला आणि पुन्हा म्हणाला, "सांगतलं न पन."

लोक पांगल्यावर माय माझ्याजवळ आली. आधी माझ्या पायाकडं पाहिलं. मग हळूच विचारलं, "बाबू, तू सांगतलं का त्याले? मी भांडाले नाई आली. नुसतं इचारून राहिली. त्याले खोटं बोलता येत नाई न, म्हून इचारलं."

मायनं मला दुसरी संधी दिली होती. साहेब अजून फाटकाशी गाडीत बसत होते. हाक मारली असती तर पोचली असती.

"नाही काकू," मी म्हणालो. "त्याला तसं वाटलं असेल."

"असन," ती म्हणाली. "असन, बाप्पा. तुह्या पायाले रात्री तेल चोळ." आणि फडक्यातली भाकरी तिनं मला दिली. अंबादास जेवायला तयार नव्हता म्हणाली. मी ती भाकरी घेतली. खाल्लीही.

मला नोकरी लागली, मग लग्न झालं. टँकवर जाणं मी सोडलं, कामाच्या वेळा जमत नाहीत असं सांगून. अंबादास आणखी काही वर्षं पोहत राहिला. मास्तरांनी त्याच्याशेजारी दुसरे पोट्टे घालून पाहिले, पण ते पार मागं पडत. तो भिंतीशी येऊन दोरीपलीकडं बघायचा, तिथं कोणी नसायचं. मग तो तसाच वाट पाहत थांबायचा. शर्यतीच्या मधेच थांबायचा. तो जिंकेनासा झाला. पुढं टँकच्या नव्या व्यवस्थापकानं, जबाबदारी कोणाची म्हणून, त्याला फाटकावरच अडवलं. काही दिवस तो फाटकाबाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा म्हणे, "उद्या हाय न?" हे मला मास्तरांनी सांगितलं. मास्तर आता नाहीत. अखेरपर्यंत त्यांना एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं, अंबादासला मारल्याचं. मी त्यांच्या खाटेशी बसून होतो. तेव्हाही बोललो नाही.

माय गेली तेव्हाही उन्हाळाच होता. मी गेलो होतो. किसनानं घर रिकामं करायला काढलं होतं. मिठाचा कप, हळदीचा कप, सगळे एका पोत्यात. भंगारवाला दाराशी उभा. अंबादास कोपऱ्यात बसून मायनं अर्धवट सोडलेल्या कांड्या भरत होता. त्याला ते येत नव्हतं. सुताचा नुसता गुंता झाला होता मांडीवर.

त्यानंतर किसनानं त्याला इतवारीत नेलं आणि हातठेल्याला जुंपलं. जुंपलं हा शब्द मी मुद्दाम लिहितो. पण किसनाला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. तो त्याला दोन वेळ जेवायला देत होता, आणि ते मी केलेलं नाही.

गेल्या वर्षी शहरात मतिमंद मुलांच्या पोहण्याच्या शर्यती झाल्या. होय, आता त्यांच्यासाठी वेगळ्या शर्यती असतात, पाहुणे येतात, फुगे लावतात. आमच्या कारखान्याचा जुना जलतरणपटू म्हणून वेळ टिपायला मला बोलावलं होतं. घड्याळ हातात घेऊन मी काठावर बसलो आणि काही टिपू शकलो नाही. एक मुलगा भिंतीला लागून पुन्हा निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी इतवारीत गेलो. भांड्यांच्या दुकानांच्या पलीकडं, धान्याच्या गल्लीत. किसनाला म्हटलं, अशा अशा शर्यती असतात, पुढच्या वेळी अंबादासचं नाव देऊ, मी घेऊन जाईन, मी आणीन.

"आता कायले, भाऊ?" किसना म्हणाला. "त्याचा खांदा वरतं जात नाई. पोत्यानं गेला. अन् तो पान्यात जाईन त् ठेला कोन ओढीन?" मग जरा नरमून, "बसा, चहा सांगतो. तो हाय तिकडं."

अंबादास ठेल्याच्या दांड्यावर बसला होता. केस पांढरे झालेले, मान एका बाजूला कललेली. जवळच नळाखाली बादली भरत होती, तिच्याकडं पाहत होता. मी पूर्ण नावानं हाक मारली.

"काय गा?" मग ओळखलं. "मनोहरभाऊ."

मी त्याच्याशेजारी बसलो. कारखान्यात सगळे मला कमी बोलणारा म्हणतात. पण त्या दिवशी आजूबाजूला तराजू, हमाल, गाड्यांचे भोंगे चालू असताना मी बोललो. म्हणालो, "अंबादास, त्या दिवशी मी तुला सांगितलं होतं. झालं म्हणून. झालं नव्हतं. मी खोटं सांगितलं. माझ्या पायात गोळा आला नव्हता."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, दोरीवरून पाहायचा तसंच.

"हो न," तो म्हणाला. "मी त् सांगतलंच होतं सगळ्याइले."

एवढंच. राग नाही, माफी नाही. त्याच्यासाठी ही बातमीच नव्हती. ती ज्यांना कळायला हवी होती ते दोघं या जगात नव्हते. मी चहाचा ग्लास धरून बसलो.

तेवढ्यात किसनानं आवाज दिला आणि अंबादास उठला. ठेल्यावर तांदळाची पोती होती. गल्लीतल्याच एका दुकानात टाकायची होती, मला वाटतं चारदोन दुकानं सोडून. त्यानं नळाखालच्या बादलीला नमस्कार केला, चांगल्या खांद्यावर दोरी घेतली आणि ओढायला लागला. दुकान आलं. तो थांबला नाही. दुकान मागं पडलं. मालक गादीवरून उठून हात हलवायला लागला. गल्ली पुढं उताराला लागते, तिथून मोठा रस्ता.

मी धावलो. या वयात धावता येईल तेवढा धावलो आणि ओरडलो, "अंबादास! झालं! झालं, थांब!"

त्यानं मान वळवून मला पाहिलं. ओळखून पाहिलं. आणि पुढं ओढत राहिला.

समोरून येणारा एक हमाल, पाठीवर पोतं, त्याच्याकडं न बघताच म्हणाला, "रुक बे."

अंबादास थांबला.